टक्के मोजले, पण पैसा पोचला का?

संपादक महोदय,
जर्मनीच्या स्त्रीवादी विकास धोरणावरचा, म्हणजे इतर देशांना विकासासाठी मदत देताना स्त्री-पुरुष समानतेला महत्त्व देण्याच्या धोरणावरचा, तुमच्या अंकातला लेख वाचला, धोरण मलाही मनापासून पटतं पण एक महत्त्वाची गोष्ट त्यात राहूनच गेली. मार्च २०२३ मध्ये तिथल्या विकास मंत्रालयाने ठरवलं की २०२५ पर्यंत नव्या प्रकल्पांचा ९३ टक्के निधी स्त्री-पुरुष समानतेला हातभार लावणाऱ्या कामांना द्यायचा. ऐकायला भारी वाटतं, पण समानता हाच मुख्य हेतू असलेल्या कामांना त्यातले फक्त ८ टक्के आणि उरलेल्या ८५ टक्क्यांत ती दुय्यम, म्हणजे रस्त्याच्या प्रोजेक्टमध्ये बायकांसाठी एखादा भाग असला तरी अख्खी रक्कम हिशोबात धरता येते. हे बरोबर नाही. गावागावातल्या महिला संघटनांच्या हातात थेट किती पैसा पडला आणि तो किती वर्षं मिळणार, हा आकडा जर्मन सरकारने आधी जाहीर करावा.

– एक वाचक, नाशिक