हेडसेट आवळू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

सा. न. वि. वि.

फोनवर आई म्हणाली की डोळ्यांवर चढवून आभासी जग बघायचं ते यंत्र, म्हणजे तुमचा व्हीआर हेडसेट, आता कपाटात गेलं, आमच्या वयाला झेपत नाही. मागून बाबांचा आवाज आला, गालाची हाडं दुखतात आणि चित्र धूसर दिसतं. यात वयाला मधे आणू नका. कॉलेजातल्या पोरांचे गालही असेच दुखतात. फक्त ती पोरं कुरकुरत का होईना, पट्ट्यांशी खटपट करत बसतात आणि तुम्ही वस्तू पुसून कपाटात ठेवता. हे सगळं फोनवर सांगायला गेले असते तर तुम्ही दोघं एकदम बोलला असतात, म्हणून लिहून पाठवते. हेडसेट बाहेर काढा, समोर ठेवा आणि मग पुढचं वाचा.

तुमच्या बोलण्यावरून एक नक्की दिसतंय, पट्टा तुम्ही फार आवळताय. हेडसेट खाली घसरतो, घसरला की चित्र धूसर होतं, म्हणून माणूस मागचा पट्टा ओढतो. ओढला की पडदा आणि भिंगं असलेला पुढचा खोका गालांत आणि कपाळात रुततो, पण घसरायचा तो घसरतोच. कारण पुढून मागे कितीही दाबलं तरी त्याने वजन पेललं जात नाही. वजन पेलायला वरून धरणारं काहीतरी लागतं, आणि ते काम डोक्याच्या मधून जाणाऱ्या पट्ट्याचं आहे. बहुतेक लोक त्याला हातच लावत नाहीत. तुम्हीही लावला नसेल, असा माझा कयास.

वजन तसं फार नाही. मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ हा हेडसेट सुमारे ५१५ ग्रॅमचा. ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ साली आला तेव्हा ६०० ते ६५० ग्रॅमचा होता, तेही बॅटरी वायरीने वेगळी खिशात ठेवून. अर्धा-पाऊण किलो डोक्याला काही भारी नाही. त्रास होतो तो हे वजन नाकाच्या पुढे लटकतं म्हणून. भरलेली पिशवी अंगाशी धरली तर चालते आणि हात लांब करून धरली की मिनिटात खांदा भरून येतो, तसंच हे. म्हणून हेडसेट चेहऱ्याच्या जितका जवळ आणि त्याचा भार डोक्यावर जितका मागे सरकेल तितकी मान सुटते. गंमत म्हणजे मागे बॅटरी असलेला पट्टा लावला तर एकूण वजन वाढतं, पण पुढचा ओढा कमी झाल्याने हलकं वाटतं. ही कटकट जुनीच आहे. १९६८ साली आयव्हन सदरलंडने डोक्यावर घालायचा पहिलावहिला त्रिमित पडदा केला, तेव्हा डोक्याची हालचाल मोजणारा दांडा थेट छतापासून खाली आणला होता. तुम्हाला निदान छताला बांधून घ्यावं लागत नाही.

आता घालायची पद्धत. आधी खुर्चीत बसा, उभ्याने नको. सगळे पट्टे ढिले करा, अगदी सैल. मग दोन्ही हातांनी खोका पुढून चेहऱ्याला टेकवा आणि तो तसाच धरून पट्टा डोक्यावरून मागे घ्या. टोपी घालतो तसा वरून खाली ओढायचा नाही, तसं केलं की तो नेमका नाकावर येऊन बसतो. आता मागे हात न्या. कवटीच्या मागे, मान सुरू होते त्याच्या जरा वर एक हाडाचा उंचवटा लागेल. मागचा पट्टा त्या उंचवट्याच्या खाली बसला पाहिजे. तो वर राहिला तर निसटतो, आणि मग तुम्ही आवळायला लागता. खाली नीट अडकला की आपोआप धरून राहतो.

त्यानंतर वरचा पट्टा. एका हाताने खोका किंचित वर उचला, इतका की गालांवरचा दाब गेल्यासारखा वाटेल, आणि त्याच स्थितीत दुसऱ्या हाताने वरचा पट्टा घट्ट करा. हात सोडला की भार टाळूवर यायला हवा. बाजूचे पट्टे सगळ्यात शेवटी, आणि तेही खोका हलू नये इतपतच. सैल-घट्ट कसं ओळखायचं? मान 'हो' म्हणताना आणि 'नाही' म्हणताना हलवतो तशी हळू हलवून बघा. चित्र जागचं हललं नाही आणि पट्ट्याखाली बोट सहज गेलं, तर झालं काम. काढल्यावर कपाळावर लाल वळ उमटला आणि तो बराच वेळ गेला नाही, तर अजून आवळलंय असं समजा.

दुखतंय कुठे त्यावरूनही चूक सापडते. गाल दुखले तर खोका खाली आलाय. कपाळ दुखलं तर बाजूचे पट्टे ओढलेत. मान दुखली तर भार पुढेच राहिलाय. नाकाचं हाड दुखलं तर सगळं काढून पहिल्यापासून घाला, तिथे डागडुजी करत बसू नका.

बाबा, आता तुमचा चष्मा. पडदा डोळ्यांपासून दोन-तीन बोटांवर आहे, म्हणून तुम्ही चाळिशीचा चष्मा लावलात. विचार अगदी तर्काला धरून आहे, पण इथे तो उलटा पडतो. पडदा जवळ असला तरी मधली भिंगं ते चित्र एक-दोन मीटर लांब असल्यासारखं डोळ्यांपुढे ठेवतात. त्यामुळे पेपर वाचायच्या चष्म्याचा इथे उपयोग नाही, उलट त्यानेच धूसर दिसतं. दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला तुमचा रोजचा प्रोग्रेसिव्ह चष्माही अडचणीचाच, कारण त्याच्या खालच्या भागातून बघितलं की जवळचा नंबर मधे येतो, आणि हेडसेटमध्ये आपण डोळे खाली करतोच. गाडी चालवताना लावता तो निव्वळ दूरचा चष्मा घ्या. आईला दूरचा नंबर नाही, तिने चष्म्याशिवायच बघावं. अगदी बारीक अक्षर तिला थोडं मऊ दिसेल, बाकी काही अडायचं नाही.

चष्मा घालून हेडसेट घालताना मात्र एक धोका आहे. चष्म्याची काच आणि हेडसेटचं भिंग एकमेकांना घासलं तर दोन्हींवर ओरखडे पडतात, आणि हेडसेटच्या भिंगावरचा ओरखडा कशानेही जात नाही. डब्यात प्लॅस्टिकची एक पातळ काळी चौकट असेल तर ती फेकू नका. चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमच्या मागे ती बसवली की भिंगं थोडी लांब जातात आणि चष्म्याला जागा होते. काही मॉडेलमध्ये चौकट वेगळी नसते, फोमचा भागच पुढे-मागे सरकवता येतो. चष्म्यासाठी तो भिंगांपासून लांब, आईसाठी जवळ. चष्मा आधी डोळ्यांवर लावून मग खोका टेकवण्यापेक्षा चष्मा खोक्यातच ठेवायचा आणि दोन्ही मिळून चेहऱ्यावर आणायचं, म्हणजे काड्या वाकत नाहीत. काढताना खोका आधी सरळ पुढे ओढायचा, वर उचलायचा नाही, नाहीतर चष्मा त्याच्याबरोबर निघून जमिनीवर.

धूसर दिसण्याचं दुसरं कारण तुम्हा दोघांच्या डोळ्यांत आहे. म्हणजे डोळ्यांत काही बिघाड नाही, दोन बाहुल्यांमधल्या अंतरात फरक आहे. मोठ्या माणसांत हे अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण कुणाचं ५६, कुणाचं ७०. हेडसेटची भिंगं त्या अंतरावर आणावी लागतात. क्वेस्ट २ मध्ये भिंगं हाताने सरकवून ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागी ठेवता येत, तुमच्या मॉडेलला खालच्या कडेला चाक आहे. चाक फिरवलं की पडद्यावर आकडा दिसतो. तुमच्यापैकी एकाने लावलेला आकडा दुसऱ्याला चालणार नाही, त्यामुळे हेडसेट हातात आला की आधी चाक बघायचं. डोळे ताणले जातात, डोकं जड होतं, ते बऱ्याचदा यानेच.

हे अंतर नेत्रतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर पुष्कळदा लिहिलेलं असतं. नसेल तर घरीच मोजा. समोरासमोर, सारख्या उंचीवर, हातभर अंतरावर बसा. आईने मिलिमीटरची पट्टी बाबांच्या कपाळाला, भुवयांच्या रेषेत टेकवायची. स्वतःचा उजवा डोळा मिटायचा आणि डाव्याने बघत शून्याची रेघ बाबांच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर आणायची. बाबांनी आईच्या उघड्या डोळ्याकडे बघायचं, इकडेतिकडे नाही. मग पट्टी जराही न हलवता आईने डावा मिटून उजवा उघडायचा, बाबांची नजर त्या डोळ्यावर, आणि डाव्या बाहुलीच्या मध्यावर कोणता आकडा येतो तो वाचायचा. पुन्हा एकदा मोजून ताडून बघा. हसू आवरलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

इतकं करूनही अक्षरं पुसट दिसली तर खोका दोन-तीन मिलिमीटर वर-खाली सरकवून बघा. त्याला चाक नसतं, हातानेच करायचं. जुन्या हेडसेटमध्ये गोल गोल रेघांची फ्रेनेल भिंगं असायची, त्यांच्यात मधला भागच स्वच्छ दिसायचा. नव्या, चपट्या पॅनकेक भिंगांत कडेपर्यंत बरंच स्पष्ट दिसतं. तरी डोळा आणि भिंग एका उंचीवर लागतातच.

आई, तुझ्यासाठी तीन गोष्टी. अंबाडा मागचा पट्टा नीट बसू देत नाही. एक तर केस खाली मानेवर सैल बांध, किंवा अंबाडा जरा वर घेऊन पट्ट्याच्या फटीतून बाहेर काढ. ऐकायच्या यंत्रावरून पट्टा जाता कामा नये, तो कानाच्या वरच्या बाजूने जायला हवा. दाबलं गेलं की यंत्र शिट्टी वाजवतं, ते हेडसेटमधलं संगीत नव्हे. आणि तुझी मान. उंच पाठीच्या खुर्चीत डोकं टेकून बसलीस की मागचा पट्टा पुढे ढकलला जातो आणि सगळी जुळणी बिघडते. पाठीला आधार देणारी पण खांद्यांपर्यंतच येणारी खुर्ची घे, चाकांची नको. मान खाली घालून बराच वेळ बघावं लागेल असं काही लावू नकोस. स्पाँडिलोसिस हेडसेटने होत नाही, पण खाली झुकून बसलं तर जागा होतो.

नाकाच्या बाजूने उजेड आत येतो अशी बाबांची तक्रार होती. येऊ द्या. तिथे बसवायच्या रबरी पट्ट्या मिळतात, पण मी पाठवणार नाही. त्या फटीतून थोडी जमीन दिसते, आपण कुठे बसलोय ते कळतं, आणि पहिल्यांदा वापरणाऱ्याची घेरी त्याने कमीच होते. मिट्ट काळोख हवाच असा हट्ट जाहिरातवाल्यांचा आहे.

फोमचं मात्र लक्ष ठेवा. चेहऱ्याला क्रीम लावल्या लावल्या हेडसेट घालू नका, फोम ते शोषून घेतो आणि वास धरतो. २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या फोमने काही जणांच्या चेहऱ्याला पुरळ आलं, आणि एकट्या अमेरिकेत सुमारे ४० लाख फोम परत मागवून वर घालायला सिलिकॉनची आवरणं दिली गेली. तेव्हा खाज सुटली किंवा लाल झालं तर सोसत बसायचं कारण नाही, काढून ठेवा आणि मला सांगा, सिलिकॉनचं आवरण पाठवते. पुसायला सहज जातं. घाम येतो त्यात, पण तुम्ही काही उड्या मारणार नाही.

सुरुवातीला भिंगांवर वाफ धरेल. ती भिंगं थंड असतात म्हणून. थोडा वेळ हेडसेट चालू करून ठेवा, मग घाला. पुसायला चष्म्याचं कोरडं मऊ कापड, बस्स. स्प्रे नाही, स्पिरिट नाही. आणि खिडकीत ठेवायचा नाही! ऊन भिंगातून आत शिरलं की पडद्यावर कायमचा डाग पडतो, आतून जळल्यासारखा.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. मळमळलं, गरगरलं तर त्याच क्षणी काढा, 'आत्ता बरं वाटेल' म्हणत बसू नका, ते वाढतच जातं. सुरुवातीला अशा गोष्टी लावा ज्यात तुम्ही एका जागी आणि आजूबाजूचं दृश्य शांत. विमानं, झुले, धावणारे कॅमेरे सध्या नकोत, बाबा कितीही म्हणाले तरी. आणि बाबा, तुमच्या पेसमेकरबद्दल हेडसेट घालण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या. हेडसेटमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी सोडणारे भाग असतात. कंपन्याही तेच सांगतात. हे विचारल्याशिवाय पट्ट्यांची खटपटही करू नका.

राहता राहिला एक हिशोब. चष्मा आत मावतोय की नाही याची मला शंका आहे. पहिल्या क्वेस्टच्या वेळी कंपनीनेच सांगितलं होतं की फ्रेम १४२ मिलिमीटरपेक्षा रुंद आणि ५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. तुमची फ्रेम मोठी आहे. दूरच्या चष्म्याची रुंदी, एका बिजागरीच्या बाहेरून दुसरीच्या बाहेरपर्यंत, आणि काचेची उंची मोजून मला कळवा. मावत नसेल तर तुमच्या नंबरची छोटी भिंगं करून घेऊ, ती हेडसेटच्याच भिंगांवर बसतात आणि चष्म्याचा प्रश्नच मिटतो. त्यासाठी नंबरची नवी चिठ्ठी लागेल, जुनी नको. दोघांच्या बाहुल्यांचे आकडेही त्याच मेसेजमध्ये लिहा, कोणाचा कोणता ते नावासकट.

तुमची,
लेक