आई-बाबा, मी हल्ली पैसे मागते

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा परत विचारत होते, इंग्लिशची विभागप्रमुख झालीस म्हणजे आता नक्की करतेस काय. घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे चेअर, म्हणजे विभागप्रमुखपद, ही तीन वर्षांची पाळी असते, त्यात शिकवणं कमी आणि वेळापत्रक, बजेट, कुणाची रजा, कुणाचं प्रमोशन हेच जास्त, आणि हल्ली त्यात भर म्हणजे पैसे मागणं.

हो आई, पैसे मागणं. २००८ च्या मंदीनंतर सगळ्या अमेरिकेतच इंग्लिश मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून इंग्लिश, घेणारी मुलं कमी होत गेलीत, पालकांना वाटतं हे शिकून नोकरी कुठली मिळणार, आणि एप्रिल २०२५ मध्ये तर साहित्य-इतिहासासारख्या विषयांना पैसे देणाऱ्या नॅशनल एन्डॉवमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या इथल्या सरकारी संस्थेने एका फटक्यात हजाराहून जास्त ग्रँट रद्द केल्या. पण पहिल्या वर्षाचं लेखन इंजिनिअरिंगच्या पोरांनाही आम्हीच शिकवतो, ते काम तसूभर कमी झालं नाही. मग माजी विद्यार्थ्यांची दारं वाजवायची.

पहिल्यांदा गेले ते ऐंशी पार केलेल्या एका बाईंकडे, आयुष्यभर शाळेत शिकवलं त्यांनी. किचनच्या टेबलावर चहा ठेवला, आणि मी पाऊण तास त्यांच्या गुलाबांबद्दलच बोलत बसले, आकडा काही तोंडातून निघेना, जीव नुसता कानकोंडा. शेवटी त्याच म्हणाल्या, बाई गं, कशासाठी आलीस ते सांग. मग मी माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगितलं, रात्री किराणा दुकानात माल लावते, सकाळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर, तिला एका छोट्या प्रकाशनात उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली होती पण बिनपगारी, म्हणून नाही म्हणाली. बाईंनी चष्मा शोधला, चेकबुक काढलं, सावकाश सही केली, आणि म्हणाल्या, तिला सांग, उन्हाळ्यात काय काय वाचलं ते मला पत्रात लिही.

बाबा, मोठी देणगी तुमच्या एफडीसारखी असते, मुद्दलाला हात लावायचा नाही, वर्षाला साधारण ४ टक्के खर्चायचे. म्हणजे २५,००० डॉलर ठेवले तर वर्षाला १,०००. एका मुलीची पुस्तकं निघतात त्यात, भाडं नाही निघत. म्हणून पंचवीस डॉलरचा चेकही मला मोठाच वाटतो, आणि प्रत्येकाला आभाराचं पत्र मी हाताने लिहिते.

त्या बाईंकडे गेले त्या दिवशी गाडी चालवताना साताऱ्याचं तुमचं बोर्डिंग सारखं आठवत होतं. कर्मवीर भाऊराव अण्णांनी गावोगाव मूठमूठ धान्य मागून पोरं जेवू घातली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे तुम्ही लहानपणी इतक्यांदा सांगितलंत की मला ती गोष्ट वाटायची. आता कळतं की कुणीतरी दारात उभं राहून मागितलं म्हणून तुम्ही शिकलात, आणि तुम्ही शिकलात म्हणून मी इथे आहे. त्यानंतर मागताना माझी मान खाली जात नाही.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी, गिव्हिंग ट्यूजडेला, म्हणजे इथल्या देणग्यांच्या दिवशी, सगळ्या माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवायचंय, त्यात आज्जी बोर्डिंगसाठी धान्याची मूठ बाजूला काढायची ती गोष्ट घालायची आहे. ती मूठ रोज दळायच्या आधी काढायची की नंतर, आणि ठेवायची कशात, मडक्यात की डब्यात? बाबा, व्हॉइस मेसेज करून सांगा, आई तुलाही आठवत असेल तर तूही बोल. गुडघ्यांना तेल लावत जा दोघंही.

तुमची,
ताई