शिसपेन्सिलीचे श्रेय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील लेखात ग्रॅफाइटमध्ये माती मिसळण्याचे श्रेय जर्मनीच्या फाबर घराण्याला दिले आहे. ते फ्रान्सच्या निकोला-झाक कॉन्टे यांचे. युद्धामुळे इंग्लंडचे ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा त्यांनी ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती कालवून कांड्या भाजल्या आणि 1795 मध्ये पेटंट घेतले. माती जास्त असली की कांडी कठीण आणि रेघ फिकी, कमी असली की मऊ आणि काळी. एचबी म्हणजे मध्यम पेन्सिलीत साधारण 68 टक्के ग्रॅफाइट, 26 टक्के माती आणि बाकी मेण असते. 9एच या फार कठीण पेन्सिलीत मातीच निम्म्याहून अधिक. शिसे कशातच नाही, नावच तेवढे शिसपेन्सिल.

फाबरांचे खरे काम लेखातून निसटले आहे. न्यूरेंबर्गजवळच्या श्टाइन गावात कास्पर फाबर या सुतारकाम करणाऱ्या कारागिराने 1761 मध्ये धंदा सुरू केला. चौथ्या पिढीतल्या लोथार फाबर यांनी 1839 मध्ये तो हाती घेतला आणि पेन्सिलीची लांबी, जाडी, कठीणपणा ठरवून टाकला, वर ‘ए. डब्ल्यू. फाबर’ हे नाव उमटवले. 1856 मध्ये सायबेरियातल्या आलिबेर या फ्रेंच व्यापाऱ्याच्या खाणीतले ग्रॅफाइट करार करून मिळवले. नाव चालू लागताच नकला निघाल्या. म्हणून व्यापारचिन्हांच्या संरक्षणासाठी त्यांनी 1874 मध्ये जर्मन संसदेकडे अर्ज केला. पुढच्या वर्षी कायदा लागू झाला.

नकली माल कुठे फसतो, ते जोडणीत दिसते. भाजलेली कांडी गरम मेणात बुडवतात. मेण नीट मुरले नाही तर ती कागदावर खरखरते. मग लाकडी पट्टीच्या खाचांत कांड्या चिकटवून वर तशीच खाचांची दुसरी पट्टी दाबतात आणि पेन्सिली कापून सुट्या करतात. पट्ट्या जुळल्या नाहीत तर कांडी मध्यापासून सरकते. शार्पनरमध्ये एका बाजूला लाकूड राहते, दुसरीकडे कांडी उघडी पडून मोडते. चिकटवण कच्ची असेल तर पेन्सिल पडताच आत तुकडे होतात, आणि बोलणी मात्र मुलांना बसतात!

घेताना न तासलेले टोक पाहावे. कांडी बरोबर मधोमध हवी. एलिमेंट्री-इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांना बसणाऱ्यांनी तर सगळ्या पेन्सिली एकाच कंपनीच्या घ्याव्यात, कारण 2बी ही बीपेक्षा काळी असायला हवी, पण एकीची 2बी दुसरीच्या बीइतकीच काळी निघू शकते.

— एक वाचक, पुणे