जुनं सामान काढताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

घराचं काम संपत आलं, पण जुनं सामान बाल्कनीत साचलंय आणि काही तर अजून भिंतीवरच आहे, असं तू लिहिलंस. सगळं एका खेपेत भंगारात घालायचा विचार मात्र सोड. त्यातलं बरंचसं आणखी कुणाच्या घरी पुष्कळ वर्षं चालेल. त्यासाठी ते अख्खं निघायला हवं आणि आपल्या सुट्या भागांसकट जायला हवं. ब्रॅकेट हरवलेलं बेसिन कितीही स्वच्छ असलं तरी कुणी घेत नाही.

म्हणून वस्तू सुटली की तिचे स्क्रू, बिजागऱ्या, किल्ल्या जाड पिशवीत घालून तिलाच चिकटपट्टीने बांध. पंख्याबरोबर दांडा, दोन्ही वाट्या, बोल्ट आणि त्याची स्प्लिट पिन (बोल्ट निसटू नये म्हणून त्यात घालायची दुमडती पिन) जाऊ दे. त्या पिनेवाचून पंखा टांगणं धोक्याचं. दोन पंख्यांची पाती एकमेकांत मिसळू देऊ नकोस. ती वजनाने जुळवलेली असतात, सरमिसळ झाली की पंखा डुलायला लागतो.

सगळ्यात जास्त नासधूस कमोड काढताना होते. आधी अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीतला छोटा कॉक, बंद कर, फ्लश करून टाकी रिकामी कर, भांड्यातलं उरलेलं पाणी स्पंजाने टिपून घे आणि मगच कनेक्शन पाइप सोडव. जमिनीतले स्क्रू काढूनही भांडं हलत नाही, कारण कडेचं पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन त्याला धरून असतं. इथे माणसं पहार घालतात आणि बुडाला तडा जातो. सिलिकॉन पातळ पात्याने कापायचं, सिमेंट बारीक छिन्नीने थोडं थोडं उकरायचं. भांडं पूर्ण सिमेंटात बसवलेलं असेल, तर ते अख्खं निघेलच असं नाही. उचलल्याबरोबर मैल्याच्या पाइपाचं तोंड कापडाच्या मोठ्या बोळ्याने बंद कर, बोळ्याला दोरी बांधून ती बाहेर ठेव. नाहीतर दुर्गंधी घरभर पसरते आणि आत पडलेले सिमेंटचे तुकडे पुढे पाइप तुंबवतात. कमोड देताना एक माप हमखास सांग: निकास जमिनीत असेल तर भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, भिंतीत असेल तर जमिनीपासूनची उंची. हे जुळलं नाही तर घेणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही.

गिझरचा वीजपुरवठा बंद करून, टेस्टरने खात्री करूनच वायरी सोडव. 25 लिटरच्या गिझरमध्ये नुसत्या पाण्याचंच वजन 25 किलो असतं, तेव्हा भरलेला उतरवायचा नाही. गार पाण्याचा कॉक बंद कर, तो पाइप सोडव आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेव. त्या वाटेने हवा आत गेली तरच टाकी रिकामी होते. गार पाण्याच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर तोही काढायला हवा, तो पाणी मागे येऊ देत नाही. टाकीच गळत असेल तर गिझर भंगारात दे, वापरायला देऊ नकोस. स्प्लिट एसीला मात्र हात लावू नकोस. जाणकार मेकॅनिक गॅस आधी बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो. पाइप तसाच कापला तर गॅस हवेत जातो आणि वातावरण तापवतो.

फर्निचरमध्ये लाकूड, प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेली फळी) यांची गल्लत करू नकोस. पार्टिकल बोर्डाचं कपाट एकदा खोलून जोडलं तर चालून जातं, पुढे स्क्रूची भोकं भुगा होऊन ढिली पडतात. त्यामुळे ते न खोलता नेता येतंय का ते आधी बघ. त्यासाठी नुसती उंची मोजून भागत नाही: 210 सेंमी उंच आणि 60 सेंमी खोल कपाट कलतं करताना त्याचा कर्ण सुमारे 218 सेंमी भरतो, आणि छत त्याहून खाली असेल तर ते तिथेच अडकतं. सिंकखालचं फुगलेलं खोकं टाकून दे, त्याची दारं आणि चॅनेल (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या) वेगळे काढून ठेव. चॅनेल डावा-उजवा जोडीनेच बांध. वाळवी किंवा ढेकूण दिसले तर ती वस्तू कुणालाही द्यायची नाही, फुकटसुद्धा नाही.

ओट्याचा ग्रॅनाइट 20 मिमी जाड असेल तर एका चौरस मीटरला 54 किलोच्या आसपास भरतो. तो आडवा उचलला की सिंकच्या भोकाशी तुटतो, कारण तिथे दगडाच्या अरुंद पट्ट्याच उरलेल्या असतात. भोकाच्या दोन्ही बाजूंनी लाकडी पट्टी बांधायची आणि कडेवर उभा धरूनच न्यायचा.

नळ पितळी आहे का ते बघायला आतल्या बाजूला कानस मार. मुलाम्याखाली पिवळा धातू दिसला तर तो इतर भंगारात मिसळू नकोस. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या न फोडता धोकादायक कचऱ्यात वेगळ्या द्यायच्या. प्लायवूडचे तुकडे जाळू नकोस, त्यातल्या गोंदाचा आणि लॅमिनेटचा धूर विषारी असतो. आणि नव्या टाइल्सचा उरलेला एक खोका घरातच ठेव. पुढे एखादी फुटली तर दुसऱ्या बॅचची छटा जुळत नाही.

मापं आणि फोटो पाठव, कुठली वस्तू देण्याजोगी आहे ते एकेक करून कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र