ठमीच्या ताईंना

प्रिय ताई,

फोनवर तुम्ही मला आभार मानूच देत नाही. "आता ती आमची झाली" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

ठमीला घर हवंय असं मी सांगायला लागले, तेव्हा हो म्हणणारे कमी नव्हते. भाडेकरू खोली सोडून गेला आणि टबात मागे राहिलेलं कासव, कानाजवळ लाल पट्टा, दिसायला गोड. मुलांना खेळायला होईल म्हणून लोक लगेच तयार व्हायचे. पण तिचं कवच बोटाने दाबलं की दबतं, मागच्या पायांत जोर नाही, हे सांगितलं की सल्ले सुरू. विहिरीत सोडा, पाणी स्वच्छ राहील. नाहीतर वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं सोडतात तसं समुद्रात सोडा. वेळासला सोडतात ती ऑलिव्ह रिडले, समुद्राचीच लेकरं. ठमीची जात रेड-इअर्ड स्लायडर, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली, गोड्या पाण्यातली. समुद्रात ती मेली असती. आणि विहिरी-ओढ्यात धडधाकट स्लायडर तगतात, तेव्हा आपल्याकडच्या कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतात. हे सांगून सांगून माझा घसा बसला होता.

तुम्ही मात्र पहिलाच प्रश्न विचारलात, "जुलैत हिला ऊन कुठून द्यायचं?"

ताई, मला तिथेच कळलं होतं की ठमी तुमच्याकडेच जाणार. मे महिन्यात कोकणात कोणीही कासव सांभाळेल. खरी परीक्षा पावसाळ्याची. ऊन नाही, हवा दमट, वीज कधी जाईल सांगता येत नाही. उन्हातल्या यूव्हीबी किरणांशिवाय तिच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. तिची हाडं आणि कवच मऊ पडलं ते यातूनच. आधीच्या घरी टब खिडकीत असायचा म्हणे, पण खिडकीच्या काचेतून ते किरण जवळजवळ येतच नाहीत. तुम्ही हे सगळं नीट ऐकून घेतलंत, वहीत लिहून घेतलंत, आणि चार दिवस विचार करते म्हणालात. लगेच हो म्हणाला नाहीत, याचे तर मी वेगळे आभार मानते.

जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून मी तुमच्या पडवीत आले, तेव्हा टाकी तयार होती. ठमीला चढता येत नाही म्हणून गवंड्याकडून जांभ्याच्या चिऱ्यांचा उतार करून घेतला होतात. चिरा खरखरीत, तिचं पोट खरचटेल, म्हणून वरून सिमेंट घोटून गुळगुळीत केलेलं. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून टाकी भरायची, ओतायची, परत भरायची, हे तुम्ही ती यायच्या कितीतरी आधीपासून करत होतात. पाणी बेताचंच, तळाला पाय टेकून तिची मान वर निघेल एवढं. उताराच्या माथ्यावर यूव्हीबीची नळी आणि उबेचा दिवा, दोन्ही इन्व्हर्टरवर. वर जाळी, कावळ्या-मुंगसांसाठी.

आणि तो समुद्रफेस! माकुलाचं ते पांढरं हाड आपल्या किनाऱ्यावर वाहून येतं आणि आपण त्यावर पाय देऊन पुढे जातो. तुम्ही ते वेचून आणलंत, मीठ जावं म्हणून गोड्या पाण्यात भिजत घातलंत, पाठीचा कडक पापुद्रा काढून वाळवलंत. कॅल्शियमच ते. ठमी ते कुरतडते तेव्हाचा आवाज तुम्ही मला फोनवर ऐकवलात. आधी तिला नुसते सोडे मिळायचे. आता काट्यासकट छोटे मासे, पालेभाजी, आणि तुमच्या सासूबाईंच्या हातची जास्वंदीची पानं. त्याच सासूबाई टाकीपाशी साबण ठेवून नातवाला हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, हेही बरोबरच आहे. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.

परवा पाठवलेला व्हिडिओ मी पुण्याच्या डॉक्टरांना दाखवला. कवचाची वळलेली कड आता सरळ होणार नाही, पण नवी वाढ टणक दिसते, असं ते म्हणाले. ती मागचे पाय रेटून उतारावर अर्ध्यापर्यंत जाते, ते बघून मला रडू आलं.

ही जात वीस-तीस वर्षंही जगते. हे माहीत असून तुम्ही तिला घेतलंत. ती यूव्हीबीची नळी पेटत राहिली तरी वर्षभरात तिच्यातले किरण उतरतात, तेव्हा दर पावसाळ्याआधी नवी नळी मी घेऊन येणार. पैशाचं काढायचं नाही.

लोभ असावा.

तुमची,
रत्नागिरीची धाकटी बहीण