प्रूफ नाण्याला चाचणी नाणे म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुने आणि चकचकीत दिसले की नाणे ‘चाचणी नाणे’, म्हणजे नक्षी अजमावण्यासाठी पाडलेला नमुना, म्हणून दुप्पट भावाने विकायचे, हे थांबले पाहिजे. आयर्लंडच्या प्राण्यांच्या नाण्यांवरून प्रूफ आणि चाचणी नाण्यांतला फरक नीट कळतो.

१९२६ साली आयरिश फ्री स्टेटने (त्या वेळच्या आयरिश राज्याने) नव्या नाण्यांसाठी समिती नेमली. अध्यक्ष कवी डब्ल्यू. बी. येट्स. एका बाजूला हार्प हे तंतुवाद्य, दुसऱ्या बाजूला पशुपक्षी असे ठरवून निवडक शिल्पकारांकडून नमुने मागवले. पसंती मिळाली ती पर्सी मेटकाफ यांना. शेतीच्या जाणकारांनी हरकत घेतल्याने त्यांचाही पहिला बैल आणि पहिले डुक्कर बदलावे लागले. येट्स यांना त्या डुकराची हळहळ वाटली. इटलीचे पुब्लिओ मॉर्बिदुच्ची हरले, तरी त्यांच्या नमुन्यांवरून १९२७ सालाची धातूची नाणी पाडली गेली. खरी चाचणी नाणी ही, आणि अतिशय दुर्मीळ.

१९२८चे प्रूफ संच निराळे. ते स्वीकारलेल्या नक्षीचेच, पॉलिश केलेल्या ठशांनी पाडलेले; संख्या ६,००१. देखणे खरे, पण चाचणी नव्हे.

विकत घेताना आधी अक्षरे वाचा. १९२८च्या नाण्यावर ‘सेरस्टाट एरन’ हे राज्याचे नाव जुन्या आयरिश लिपीत हवे. नुसते ‘एरे’ असेल तर साल खोडून बदलले आहे, कारण ते नाव १९३९पासूनचे. सहा पेन्स निकेलचे, त्याला चुंबक चिकटलाच पाहिजे. घोड्याचा हाफ क्राउन (अडीच शिलिंगांचे नाणे) १४.१४ ग्रॅमचा, ७५ टक्के चांदीचा. नुसत्या वजनावर जाऊ नका, ओतीव नक्कल तेवढ्याच वजनाची करता येते. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा आणि नाणे दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आकडा १.४१च्या आसपास आला तर चांदी, १.५८ आला तर तांबे-निकेल. बुडबुडा चिकटला की आकडा फुगतो आणि चांगले नाणे खोटे ठरते. नंतर नाण्यावरचे पाणी टिपून घ्या, नाणे घासून पुसू नका. काशाची पेनी मात्र पाण्यात घालू नये, डाग पडतात.

चाचणी नाण्याला ही मापे लागू पडतीलच असे नाही, कारण ती बरेचदा वेगळ्या धातूत किंवा जाडीत पाडतात. तिथे ते कोणाकोणाच्या हातून आले याची कागदपत्रेच मागावी लागतात. म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थांना विनंती, की प्रत्येक चिठ्ठीवर धातू, वजन, व्यास आणि ‘चाचणी’ म्हणण्याचा आधार लिहिण्याची अट घालावी.

– एक नाणे अभ्यासक, नाशिक