बाळंतपण माहेरी, औषधे सासरी

महोदय,

सातव्या महिन्यात लेक माहेरी येते आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या गरोदर बाईच्या औषधांत नेमका तिथेच खंड पडतो. नाव सासरच्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या केंद्रात), प्रसूती दुसऱ्या जिल्ह्यात. माहेरी कुणाच्या नजरेला पडेल या धास्तीने उपचाराचे पुस्तक मागेच राहते. मग प्रसूतिगृहात कुणाला काही ठाऊक नसते आणि बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायचे नेविरापिन लांबते. हे सिरप जन्मल्यावर लगेच सुरू करून दिवसातून एकदा, किमान सहा आठवडे द्यायचे असते : वजन अडीच किलोच्या वर असेल तर दीड मिली, दोन ते अडीच किलो असेल तर एक मिली. तेही सिरिंजने मोजून, चमच्याने नव्हे.

सहा आठवड्यांच्या नेविरापिनची चाचणी इथिओपिया व युगांडाबरोबर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातही झाली. निष्कर्ष २००८ मध्ये आले. सहाव्या आठवड्याला संसर्ग स्पष्टपणे कमी दिसला, पण सहाव्या महिन्यापर्यंत हा फायदा ओसरला, कारण अंगावरचे दूध चालूच होते आणि त्यातूनही विषाणू जाऊ शकतो. म्हणून आईच्या गोळ्या एक दिवसही चुकता कामा नयेत. उपचाराविना बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, नियमित उपचाराने ते पाचाच्या खाली येते.

गरोदरपणातल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल मात्र फारसे कुणी सांगत नाही. उपाशीपोटी त्या डोल्युटेग्राविर या एआरटीच्या गोळीतल्या औषधाबरोबर घेतल्या तर आतड्यात औषधाला चिकटतात आणि औषध रक्तात कमी उतरते. एकत्र घ्यायच्या तर जेवणासोबत घ्याव्यात, नाहीतर एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर.

माहेरची आजी मायेने मध, गुटी, वरचे पाणी देते. सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे. दुधाबरोबर वरचे काही दिल्यास धोका वाढतो, हे दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या अभ्यासात दिसले आहे.

दीड महिन्याच्या लसीला बाळ येते, त्याच दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन विषाणूची तपासणी व्हावी. नेहमीची अँटिबॉडी चाचणी इथे उपयोगाची नाही, आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश उपचाराविना वर्षही गाठत नाहीत, तेव्हा ही तारीख चुकवणे परवडणारे नाही.

एआरटी केंद्रांना विनंती : सातवा लागण्याआधीच ‘बाळंतपण कुठे?’ हे विचारा. बत्तीस ते छत्तीस आठवड्यांदरम्यानचा व्हायरल लोडचा (एक मिलिलिटर रक्तातील विषाणूंच्या संख्येचा) अहवाल तिच्या हाती द्या. तो हजाराच्या वर असेल तर बाळाला जास्तीचे औषध लागते, आणि हे प्रसूतीआधी ठरलेले बरे. तिच्या संमतीने माहेरच्या केंद्रातल्या समुपदेशकाला फोन करा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही गोपनीयता तिचा हक्क आहे, त्यामुळे निरोप सासू-नणंदेकडे नव्हे, थेट तिलाच. गोळ्याही किमान बाळंतपण पार पडेपर्यंत पुरतील इतक्या द्या.

– सार्वजनिक आरोग्याचे एक अभ्यासक, पुणे